ब्रिज शिकावं का?

२०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत भारताला एक सुवर्णपदक अशा खेळात मिळालं, ज्याचे नियम बहुतेक भारतीयांना ठाऊकच नव्हते. कोलकात्याच्या प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी ब्रिजच्या पुरुष दुहेरीत ते जिंकलं, तेव्हा बर्धन ६० वर्षांचे होते आणि सरकार ५६ वर्षांचे. त्याच स्पर्धेत भारताला ब्रिजमध्ये दोन कांस्यपदकंही मिळाली. पुढे २०२३ मध्ये हांगझोऊला भरलेल्या आशियाई स्पर्धेत पुरुष संघाने रौप्यपदक आणलं आणि त्या संघात मुंबईचे जग्गी शिवदासानी आणि राजू तोलानी होते. अशा बातम्या वाचल्या की अनेकांच्या मनात एक विचार येऊन जातो. पत्ते तर आपल्यालाही येतात, वयाचीही अट दिसत नाही, मग हा खेळ शिकून पाहायला काय हरकत आहे? विचार चांगला आहे, पण तो पुढे न्यायचा की तिथेच सोडायचा, हे ठरवण्याची आपली रीत बहुतेक वेळा चुकते.

आपण स्वतःला साधारण तीन प्रश्न विचारतो. मला जिंकता येईल का? मेंदूला व्यायाम होईल का? वेळ बरा जाईल का? यांतला पहिला प्रश्न सर्वांत फसवा आहे. कुठल्याही स्पर्धात्मक खेळात सगळ्या खेळाडूंचे गुण एकत्र धरले तर सरासरी पन्नास टक्क्यांवरच येते, म्हणजे एकजण वर गेला की दुसरा खाली जाणार हे ठरलेलंच असतं. नवशिक्या खेळाडू तर पहिली एक-दोन वर्षं बहुतांशी खालच्याच बाजूला असतो. आपण त्या खेळाला जे शेकडो तास देणार असतो, त्यांतले बरेचसे हरण्यात जाणार असतात. म्हणून खेळ निवडताना विचारायचा खरा प्रश्न वेगळा आहे: हरल्यावर हा खेळ मला काय सांगतो? काही खेळ पराभवानंतर ‘तुझं नशीब खराब’ एवढंच सांगतात. काही सांगतात, ‘तुझा खिसा लहान.’ फार थोडे खेळ नेमकं सांगतात, ‘या वळणावर तू हे ठरवलंस, त्याऐवजी ते ठरवायला हवं होतंस.’ स्पर्धेसाठी खेळलं जाणारं ब्रिज या तिसऱ्या प्रकारातलं आहे आणि तेच ते शिकण्याचं सर्वांत सबळ कारण आहे. ज्यांना असं उत्तर ऐकायला आवडत नाही, त्यांनी ब्रिज न शिकण्याचंही तेच सर्वांत सबळ कारण आहे.

खेळ कसा आहे ते आधी पाहू. मेंढीकोट खेळलेल्या माणसाला ब्रिजचा अर्धा भाग जवळजवळ येतच असतो. चार खेळाडू, समोरासमोर बसलेले भिडू, ५२ पानं, प्रत्येकाला १३. ज्या रंगाची उतारी झाली त्या रंगाचं पान हातात असेल तर तेच टाकायचं, नसेल तर हुकूम मारता येतो, आणि सर्वांत वरचं पान टाकणारा तो हात नेतो. मेंढीकोटमध्ये आपण दश्श्या मोजतो, ब्रिजमध्ये हात मोजतात. फरक सुरुवातीला आहे. पहिलं पान पडण्याआधी चारही खेळाडू आळीपाळीने बोली लावतात: आम्ही दोघं मिळून किती हात करू आणि कोणता रंग हुकूम धरून, किंवा हुकुमाशिवाय, करू. पहिले सहा हात गृहीत धरलेले असतात, म्हणून ‘चार इस्पिक’ अशी बोली म्हणजे इस्पिक हुकूम धरून दहा हात करण्याचं वचन. ज्या जोडीची बोली सर्वांत वर जाते, तिने ते वचन पाळायचं आणि समोरच्या जोडीने ते मोडायचं. खेळ सुरू होऊन पहिलं पान पडलं की बोली जिंकणाऱ्याचा भिडू आपली तेराही पानं टेबलावर उघडी मांडतो. त्याला डमी म्हणतात. म्हणजे त्या क्षणापासून प्रत्येक खेळाडूला ५२ पैकी २६ पानं दिसत असतात, आणि उरलेली २६ कोणाकडे कशी असतील हे त्याला बोलीवरून, पडलेल्या पानांवरून आणि न पडलेल्या पानांवरून ताडायचं असतं. या खेळाला आजचं रूप अमेरिकेतल्या हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांनी १९२५ साली एका सागरी प्रवासात नव्या गुणपद्धतीची मांडणी करून दिलं. त्याची मुळं मात्र व्हिस्ट या कित्येक पिढ्या जुन्या इंग्रजी खेळात आहेत.

पत्त्यांच्या खेळावर पहिला आक्षेप येतो तो नशिबाचा. पानं चांगली आली तर कोणीही जिंकेल, मग त्यात स्पर्धा कसली? घरगुती डावांपुरता हा आक्षेप अगदी खरा आहे. एका खेळाडूला येऊ शकणाऱ्या तेरा पानांचे ६३,५०१ कोटींहून अधिक वेगवेगळे संच असतात. ब्रिजमध्ये एक्क्याला चार, राजाला तीन, राणीला दोन आणि गुलामाला एक असे गुण धरून पानांची ताकद मोजतात. सगळ्या पत्त्यांचे मिळून चाळीस गुण होतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी दहा. पण सरासरी ही सरासरीच. एखाद्या संध्याकाळी सतत चार-पाच गुणांचीच पानं येत राहिली तर उत्तम खेळाडूही काही करू शकत नाही. यावरचा उपाय व्हिस्टच्या काळातच सुचला होता. ‘कॅव्हेंडिश’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या हेन्री जोन्स यांनी १८५७ साली लंडनमध्ये एक प्रयोग केला. चांगले आणि सुमार खेळाडू निवडून त्यांनी तीच वाटलेली पानं दोन ठिकाणी खेळवली आणि नशीब वजा केलं तर कौशल्याचा वाटा किती उरतो हे दाखवून दिलं. आजच्या स्पर्धात्मक ब्रिजचा, म्हणजे डुप्लिकेट ब्रिजचा, पाया हाच आहे. चौघांची पानं चार कप्प्यांच्या एका सपाट पेटीत ठेवलेली असतात. तिला बोर्ड म्हणतात. टाकलेलं पान टेबलाच्या मध्यात न फेकता प्रत्येकजण आपल्यासमोरच पालथं ठेवतो, डाव संपला की आपली तेरा पानं पुन्हा आपल्या कप्प्यात घालतो, आणि तो बोर्ड जसाच्या तसा पुढच्या टेबलावर जातो.

याचा परिणाम काय होतो, हे एका बोर्डाच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, आठ टेबलांवर एकच बोर्ड खेळला गेला आणि त्यात उत्तर-दक्षिण जोडीकडे भक्कम पानं आहेत. एका जोडीने चार इस्पिक बोलून अकरा हात केले, तिला ४५० गुण. तीन जोड्यांनी तीच बोली लावून बरोबर दहा हात केले, त्यांना ४२०. आणखी तीन जोड्यांनीही दहाच हात केले, पण बोली भीतभीत दोन इस्पिकवर थांबवली होती, म्हणून त्यांना १७०च मिळाले. आठव्या जोडीने चार इस्पिक बोलून नऊच हात केले, तिचे उणे ५०. आता ४२० मिळवणाऱ्या जोडीची तुलना फक्त त्याच पानांवर खेळलेल्या इतर सात जोड्यांशी होते. ज्यांना मागे टाकलं त्यांच्याबद्दल दोन गुण, बरोबरीत असलेल्यांबद्दल एक. चार जोड्यांना मागे टाकल्याचे आठ आणि दोन बरोबरीचे दोन, असे चौदापैकी दहा. अधिक बोलकी गोष्ट समोरच्या बाजूला घडते. पूर्व-पश्चिम जोड्यांकडे फुटकळ पानं होती आणि त्यांतल्या बहुतेक हरणारच होत्या. पण ज्या जोडीने समोरच्यांना १७०वर रोखलं, तिला तिच्यासारखीच फुटकळ पानं आलेल्या इतरांच्या तुलनेत चौदापैकी दहा मिळतात, आणि जिने बोली मोडली तिला चौदापैकी चौदा. म्हणजे वाईट पानं येणं ही इथे तक्रार राहत नाही. वाईट पानांवर कमीत कमी नुकसान होऊ देणं हेही तितकंच मोठं यश ठरतं. दोन-अडीच डझन बोर्डांच्या एका बैठकीत नशीब पूर्ण नाहीसं होत नाही, पण त्याचा वाटा इतका घटतो की निकालाकडे पाहून स्वतःबद्दल काही शिकता यावं.

शिकायचं म्हणजे नेमकं काय? एक प्रसंग घेऊ. तुम्हाला बोली पुरी करायला आणखी एकच हात हवा आहे. हुकूम नाही, आणि उतारी एकदा समोरच्यांकडे गेली तर त्यांच्याकडे डाव मोडण्याइतके हात तयार आहेत. डमीत किल्वरचे एक्का, राजा, राणी आणि एक लहान पान आहे, तुमच्याकडे किल्वरची तीन लहान पानं. बदामाचा एक्का आणि राणी तुमच्या हातात आहेत, राजा बाहेर आहे. सरळ मार्ग दिसतो तो असा: डमीतून बदाम खेळायचा आणि राणी लावून पाहायची. राजा उजवीकडच्या खेळाडूकडे असेल तर राणी हात नेईल. याला फिनेस म्हणतात आणि ते जमण्याची शक्यता निम्मी. पण दुसराही मार्ग आहे. आधी किल्वरचे तीन मोठे हात घ्यायचे. बाहेरची सहा किल्वर समोरच्या दोघांत तीन-तीन विभागलेली असतील, आणि तसं सुमारे ३६ टक्के वेळा असतं, तर डमीतलं चौथं लहान किल्वर आपोआप हात देतं आणि बदामाला हात लावावाच लागत नाही. तसं नसेल तर आपण अजूनही डमीतच आहोत, आता फिनेस करून पाहता येतं. दोन्ही संधी ओळीने वापरल्या की शक्यता पन्नासवरून सुमारे ६८ टक्क्यांवर जाते. पानं तीच, गणितही शाळेतलंच. फरक फक्त क्रमाचा. कोणी घाईने पहिला मार्ग घेतला आणि तो हरला, तर खेळानंतर मिळणाऱ्या तक्त्यात त्याला दिसतं की त्याच पानांवर शेजारच्या टेबलावर डाव बनला होता. आणि तो जिंकला, तरी त्याच्यापेक्षा जाणता खेळाडू त्याला दाखवू शकतो की निर्णय चुकीचाच होता, या वेळी निभावलं इतकंच. निकाल आणि निर्णय या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे आयुष्यात उशिरा कळतं, कधी कधी कळतच नाही. इथे ते दर आठवड्याला कागदावर दिसतं.

हा परिणाम नुसता मानण्यातला नाही. मानसशास्त्रज्ञ गिडियन केरेन यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ब्रिज खेळाडूंना बोली पुरी होण्याची शक्यता किती टक्के वाटते, हे आधी सांगायला लावलं आणि मग प्रत्यक्षात काय झालं ते पडताळलं. मुरलेल्या खेळाडूंचे अंदाज वस्तुस्थितीशी जवळजवळ तंतोतंत जुळले, तर हौशी खेळाडू आपल्या यशाबद्दल वाजवीपेक्षा जास्त खात्री बाळगून होते. माणसं आपल्या अंदाजाबद्दल अतिआत्मविश्वास बाळगतात, हे मानसशास्त्राने पुन्हा पुन्हा दाखवलेलं आहे. त्यातून सुटका होण्यासाठी स्पष्ट अंदाज, त्यानंतर लगेच मिळणारं उत्तर आणि हे असंख्य वेळा घडणं, या तीन गोष्टी लागतात. ब्रिजमध्ये तिन्ही आहेत. बोली हाच अंदाज असतो, सात-आठ मिनिटांत त्याचं उत्तर मिळतं आणि एका बैठकीत ते वीस-पंचवीस वेळा मिळतं.

हीच कसोटी इतर खेळांना लावून पाहिली तर निवड सोपी होते. तीन पत्तीत पानांचा आणि पैशाच्या दडपणाचा भाग इतका मोठा असतो की हरलेल्याला आपली चूक शोधूनही सापडत नाही. रमीत कौशल्य नक्की आहे, पण प्रत्येकाला वेगळी पानं येतात आणि तुलनेला दुसरं टेबल नसतं. १९९३ साली आलेल्या ‘मॅजिक: द गॅदरिंग’पासून सुरू झालेले संग्राह्य पत्त्यांचे खेळ आपल्या शहरांतल्या तरुणांतही खेळले जातात. ते खोल आहेत, कल्पक आहेत, आणि आपला पत्त्यांचा संच स्वतः रचण्याचा आनंद ब्रिजमध्ये मुळीच मिळत नाही. पण तिथे नवे संच सतत बाजारात येतात, स्पर्धेच्या अनेक प्रकारांतून जुनी पानं बाद होतात आणि हरल्यावर आपण खेळात कमी पडलो की खरेदीत, हे वेगळं काढणं अवघड जातं. सगळ्यांनी तिथल्या तिथे पाकिटं उघडून संच रचण्याच्या स्पर्धांमध्ये ही अडचण कमी होते, म्हणून त्या खेळाची ओढ असेल त्याने तिथून सुरुवात करावी. ब्रिजला मात्र ५२ पानांचा साधा कॅट पुरतो आणि तो सर्वांचा सारखाच असतो.

आता आक्षेपांकडे वळू. मराठी घरांत पत्ते म्हटलं की ‘जुगार’ हा शब्द अजूनही ओठांवर येतो आणि त्यामागे उद्ध्वस्त झालेल्या संसारांचा खरा अनुभव आहे. तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पण पत्ते आणि पैज या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात. सावंतवाडीच्या गंजिफांमधल्या दशावतारी संचाची १२० गोल पानं विष्णूच्या दहा अवतारांच्या चित्रांनी नटलेली असत. पत्त्यांकडे पाहण्याची तीही एक परंपरा आपल्याकडे होती. कायद्यानेही हा भेद केलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली सत्यनारायण खटल्यात रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवताना ब्रिजशी तिची तुलना केली होती. तरीही कौशल्याचा खेळ पैसे लावून खेळला की घातक होऊ शकतो, हे ऑनलाइन रमीने दाखवून दिलं, आणि २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंदी घातली. यातून घ्यायचा धडा साधा आहे. डुप्लिकेट ब्रिजला गोडी येण्यासाठी पैज लागत नाही, कारण शेजारच्या टेबलाशी होणारी तुलना पुरेशी चुरस निर्माण करते. स्पर्धेचं प्रवेशशुल्क आणि त्यातून दिली जाणारी बक्षिसं इथपर्यंत ठीक. ज्या टेबलावर गुणामागे रुपये मोजले जातात, तिथे नवशिक्याने बसूच नये.

दुसरा आक्षेप स्मरणशक्तीचा. ‘माझ्या लक्षात राहत नाही, ५२ पानं कशी ध्यानात ठेवू?’ १९७० च्या दशकाच्या अखेरीला एंगल आणि बुक्स्टेल यांनी, तसंच नील चारनेस यांनी ब्रिज खेळाडूंच्या स्मृतीचे प्रयोग केले. रंगवार, क्रमवार लावलेली पानं क्षणभर दाखवली तर तज्ज्ञांना ती नवशिक्यांपेक्षा खूपच चांगली आठवत. तीच पानं विस्कटून दाखवली की तज्ज्ञांची ती आघाडी बरीचशी ओसरे. म्हणजे तज्ज्ञांची स्मृती जन्मजात अफाट नसते, पानांना अर्थ लावायची सवय झालेली असते. अर्थ लागला की आठवण सोपी होते, आणि तो लावायला खेळतच शिकावं लागतं. त्यामुळे कमकुवत स्मरणशक्ती हे न शिकण्याचं कारण होऊ शकत नाही. पण याच पुराव्याची दुसरी बाजूही मान्य करायला हवी. ही स्मृती ब्रिजपुरती असते. ती चष्मा कुठे ठेवला ते सांगायला येत नाही. २००३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या अभ्यासात पंचाहत्तरीपुढच्या ४६९ लोकांची काही वर्षं नोंद ठेवली होती. वाचन, बैठे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य करणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचं प्रमाण कमी आढळलं. हे आशादायक आहे, पण अशा निरीक्षणांतून कारण सिद्ध होत नाही. ज्यांचा मेंदू शाबूत आहे तेच खेळत राहतात, असंही असू शकतं. म्हणून ब्रिजकडे मेंदूचं औषध म्हणून जाऊ नये. औषध म्हणून घेतलेली गोष्ट माणूस बरं वाटेनासं झालं की सोडतो. खेळ खेळ म्हणून आवडला तरच टिकतो.

तिसरा आक्षेप वेळेचा आणि अवघडपणाचा, आणि तो खराच आहे. दोन डझन बोर्डांच्या बैठकीला तीन तासांहून अधिक वेळ लागतो आणि मध्येच उठून जाता येत नाही, कारण तुमच्या भिडूसह सगळ्या टेबलांचा हिशेब त्यावर अवलंबून असतो. बोलीची भाषा सुरुवातीला डोकं गरगरवते. पाच प्रकार (चार रंग आणि बिनहुकूम) आणि सात पायऱ्या मिळून फक्त ३५ बोली, शिवाय पास, डबल आणि रिडबल. एवढ्याशा शब्दांत भिडूला आपल्या तेरा पानांचं वर्णन सांगायचं असतं. त्यासाठी ॲकॉल, स्टँडर्ड अमेरिकन, प्रिसिजन अशा पद्धती आहेत आणि त्यांची पुस्तकं जाडजूड आहेत. नवशिके इथेच गळतात, कारण त्यांना खेळाआधी व्याकरण शिकवलं जातं. यावर उपाय आहे मिनीब्रिजचा. त्यात बोली नसते, प्रत्येकजण आपल्या पानांचे गुण जाहीर करतो, ज्या जोडीचे गुण जास्त ती किती हात करणार ते ठरवते आणि लगेच खेळ सुरू होतो. मेंढीकोट येणाऱ्या माणसाला तो एका बैठकीत जमतो. हात कसे काढायचे, क्रम कसा लावायचा याची गोडी लागली की बोलीची गरज आपोआप भासू लागते. तरीही नीट खेळता येण्याआधी काही महिने जातील, हे मनाशी धरूनच उतरावं.

चौथी अडचण सर्वांत नाजूक: भिडू. ब्रिज एकट्याने खेळता येत नाही, आणि तुमची चूक भिडूला भोगावी लागते. १९२९ साली अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत बेनेट दांपत्याच्या घरी चार इस्पिकचा एक डाव बुडाला, त्यावरून भांडण पेटलं आणि मर्टल बेनेट यांच्या गोळीने त्यांचे पती जॉन ठार झाले. पुढे न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. ही घटना टोकाची आहे, पण टेबलावरची छोटी धुसफूस सर्वत्र असते. पण ज्या खेळात चूक लपत नाही, त्यात ती चूक सोसण्याची रीतही शिकावी लागते, आणि ती शिकवायला भिडूइतका चांगला गुरू नाही. जुन्या जाणत्या जोड्यांचा एक संकेत आहे: टेबलावर चर्चा नाही, खेळ संपल्यावर तक्ता पुढे घेऊन बोलायचं, आणि आधी स्वतःची चूक सांगायची. हे पाळणारी जोडी वर्षानुवर्षं टिकते. म्हणून नवराबायकोने पहिल्याच दिवशी एकमेकांचे भिडू व्हायचं की नाही, हे आपापला स्वभाव पाहून ठरवावं. रागावर ताबा राहत नसेल तर आधी दोन वेगळ्या टेबलांवर शिकणं शहाणपणाचं.

राहिले दोन छोटे आक्षेप. पहिला, आता सगळं संगणकच करतो, मग माणसाने कशाला? २०२२ साली पॅरिसमध्ये ‘नूक’ या कार्यक्रमाने आठ विश्वविजेत्यांपेक्षा चांगला खेळ केला हे खरं, पण त्या सामन्यात बोली वगळलेली होती. आणि संगणक सरस ठरल्यानंतरही बुद्धिबळ थांबलं नाही, उलट वाढलं. शिकणाऱ्याला तर संगणकाचा फायदाच आहे. त्याच बोर्डावर अचूक खेळून किती हात निघाले असते, हे तो दाखवून देतो. दुसरा आक्षेप, हा म्हाताऱ्यांचा खेळ आहे. अमेरिका-युरोपातल्या क्लबांत खेळाडूंचं वय वाढत चाललंय आणि आपल्याकडच्या जिमखान्यांतही टेबलाभोवती पांढरे केसच जास्त दिसतात. साठीच्या माणसासाठी ही सोयच आहे. पंचविशीतल्याला मात्र आपल्या वयाची सोबत मिळवायला वाट पाहावी लागेल. ‘ब्रिज बेस ऑनलाइन’सारख्या संकेतस्थळावर फुकट खेळता येतं, सांगलीतला भाऊ आणि न्यू जर्सीतली बहीण भिडू होऊ शकतात, त्यामुळे ही अडचण पूर्वीइतकी मोठी राहिलेली नाही.

तर मग निर्णय कसा घ्यावा? पुस्तकं विकत घेऊन, क्लबचं सभासदत्व घेऊन सुरुवात करू नये. चौघांना जमवून काही संध्याकाळी मिनीब्रिज खेळावं. खेळ आवडला तर जवळच्या जिमखान्यात किंवा क्लबात परवानगी घेऊन एखाद्या खेळाडूच्या मागे शांतपणे बसावं आणि एक बैठक नुसती पाहावी. मग एखादा धीराचा भिडू शोधावा आणि नवशिक्यांसाठी असलेल्या एखाद्या डुप्लिकेट बैठकीत उतरावं. तिथे बहुधा शेवटच्या दोन-चार जोड्यांत नंबर लागेल. त्या रात्री घरी आल्यावर स्वतःकडे नीट पाहावं. ज्या बोर्डावर सर्वांत कमी गुण मिळाले, तो पुन्हा मांडून पाहावासा वाटला, दुसऱ्या जोडीने तिथे काय केलं असेल याची उत्सुकता वाटली, तर बेलाशक ब्रिज शिकावं. पुढची कित्येक वर्षं ते पुरेल. फक्त मान खाली गेल्याचं वाटलं, किंवा गप्पा झाल्या नाहीत याचीच चुटपुट लागली, तर आपल्या मेंढीकोटकडे आनंदाने परत जावं. त्यात काही कमीपणा नाही. गप्पांसाठी, हसण्यासाठी, चार माणसं एकत्र येण्यासाठी मेंढीकोट उत्तमच आहे, आणि प्रत्येक करमणुकीने आपली परीक्षा घ्यावी असं मुळीच नाही. पण स्पर्धेचा खेळ निवडायचाच असेल, तर जो आपल्याशी खरं बोलतो तो निवडावा. जिंकण्याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. हरण्यातून दर वेळी काहीतरी हाती लागावं, एवढी अपेक्षा मात्र आपण खेळाकडून जरूर करावी, आणि ब्रिज ती पुरी करतं.